पोर्तुगालमध्ये डोंगरातलं घर घेतोय, झुडपी रानाच्या वणव्यांचा जुना हिशोब कुठे बघू? (सल्ला हवाय)

मडगावची_सून
नमस्कार मंडळी. आम्ही लिस्बनला असतो, नवरा गोव्याचा म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट. आता मध्य पोर्तुगालात आर्गानिल तालुक्यात एक जुनं दगडी घर बघून आलोय, आवडलंय खूप, किंमतही आवाक्यातली, पण घरामागचा अख्खा डोंगर काळा पडलाय. ऑगस्ट २०२५ ची ती आग, ६० हजार हेक्टरच्या वर गेलेली, देशाच्या नोंदीतली सगळ्यात मोठी. एजंट म्हणतो आता जळायला काही उरलंच नाही, पुढची वीस वर्षं निवांत. मला काही ते पटेना. शेजारच्या आजी म्हणाल्या डोंगरावर झाडं अशी नव्हतीच, सगळी झुडपंच. तर नुसतं झुडपी रान दरवर्षी किती जळतं, आणि तेच तेच परत जळतं का, हे बघायची सोय आहे का कुठे? बातम्यांत नुसतं 'जंगल जळालं' एवढंच येतं.

रानवाट्या
ताई, वीस वर्षं विसरा. तिथल्या झुडपांचा जन्मच आगीबरोबरचा आहे. उर्झ म्हणजे हेदर, ती मुळाच्या गड्ड्यातून परत फुटते, तोझु म्हणजे ते काटेरी पिवळ्या फुलांचं, त्याचं बी उष्णता लागली की जास्तच जोमाने रुजतं. एश्तेव्हाची पानं हाताला चिकटतात बघा, तो चीक म्हणजे सरळ जळण. घर बघायला परत गेलात तर काळ्या खुंटाच्या बुडाशी वाकून बघा, हिरवे कोंब दिसतील. चार-पाच वर्षांत कमरेएवढं रान उभं राहतं आणि दहाच्या आत परत पेट घेण्याजोगं होतं. पाइनच्या जंगलाला सावरायला वेळ लागतो, झुडपाला नाही. म्हणून एकदा पाइन जळाला की त्या जागी झुडूप येतं, आणि ते परत जळतं, असं चक्र सुरू होतं. तुमच्या आर्गानिलमध्येच ऑक्टोबर २०१७ ला मोठी आग होती, म्हणजे दोन्हींत जेमतेम आठ वर्षांचं अंतर!

नकाशेवाला
+१. आता कुठे बघायचं ते सांगतो. आयसीएनएफ म्हणजे तिथलं वनखातं, ते जळालेल्या भागाचे नकाशे १९७५ पासूनचे फुकट देतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वर्षावर वर्ष ठेवा आणि तुमच्या घराचा ठिपका टाका, कोणती जागा किती वेळा जळली ते लगेच कळेल. त्यांच्या वार्षिक अहवालात जंगल, झुडपी रान (ते 'मातुश' म्हणतात) आणि शेती असे वेगळे आकडे असतात, तुम्हाला हवं ते नेमकं तिथे आहे.

युरोपभराच्या वणव्यांची नोंद ठेवणारं एफिस पण आहे, सध्याची आग बघायला छान, पण ते साधारण ३० हेक्टरच्या वरच्या आगी मोजतं. जगभराचे जे तक्ते मिळतात देशवार, 'झुडपी रान जळालेलं' वगैरे, ते मोडिस या उपग्रहांवरच्या उपकरणाने टिपलेले, एक चौकोन ५०० मीटरचा, म्हणजे डोंगरउतारावरची छोटी आग त्यात सुटतेच, आणि जळालेला जुना पाइन वर्गीकरणात झुडूप म्हणून मोजला गेलेला असू शकतो. देशाचा कल बघायला ठीक, घराचा निर्णय त्यावर घेऊ नका.

आणि एक, कुठलंही एक वर्ष बघून मत बनवू नका. २००३ ला ४ लाख हेक्टरच्या वर, २००८ ला २० हजारही नाही, २०१७ ला ५ लाखांच्या वर, २०२४ ला सव्वा लाखाच्या वर आणि त्यातलं बहुतेक सप्टेंबरच्या एका आठवड्यात. महाराष्ट्राच्या एक तृतीयांशही नसलेला देश आहे हा! शांत वर्षांत रान वाढत राहतं, मग एका कोरड्या वाऱ्याच्या आठवड्यात सगळं जातं. २०१७ ला झुडपापेक्षा जंगल जास्त जळालं होतं, पण उत्तरेकडच्या डोंगरांत बरेचदा झुडूपच पुढे असतं, तिथे गुरांना कोवळा चारा मिळावा म्हणून मेंढपाळ रान पेटवतात.

मडगावची_सून
बाप रे, एवढं सविस्तर, खूप आभार दादा. आमच्याकडे सह्याद्रीत पण वणवे बघितलेत पण ते गवताचे, फेब्रुवारी ते मे, माणसं डहाळ्यांनी झोडपून विझवतात. इथे तसं काही चालेल का?

कोइंब्राकर
नाही चालणार. तोझुची ज्वाळा माणसाच्या डोक्यावरून जाते, जवळ जायचंच नाही. मी त्याच भागात राहते म्हणून सांगते, घरापेक्षा घराभोवतीची जमीन आधी बघ. कायद्याने घराच्या भिंतीपासून ५० मीटर रान साफ ठेवावं लागतं, मुदत साधारण ३० एप्रिल, बऱ्याचदा वाढवतात. ते करायची जबाबदारी ज्याची जमीन त्याची. आणि खरी गोम इथेच आहे, जमिनीचे तुकडे इवले इवले, मालक फ्रान्सला नाहीतर वारलेला, वारस दहा जण, कोणाला पत्ता नाही. आपण आपला तुकडा चकाचक ठेवतो आणि बांधापलीकडे रान छातीएवढं. म्हणून सौद्याआधी बूपी या सरकारी नोंदणीत शेजारच्या तुकड्यांची हद्द नोंदवलीये का ते विचार, आणि कामरा म्हणजे नगरपालिकेत जाऊन वणव्याच्या धोक्याचा नकाशा माग. जागा 'जास्त' किंवा 'अतिजास्त' मध्ये असेल तर वाढीव बांधकामाचं स्वप्न आधीच बाजूला ठेव.

गावात शेळ्यामेंढ्या कोणाकडे आहेत का तेही बघ. जिथे कळप चरतो तिथे रान माजत नाही, सरकारने २०१७ नंतर शेळ्यांसाठी अनुदानाची योजना काढली ती यासाठीच. गावात येणारा रस्ता एकच असेल तर मात्र मी तरी घेणार नाही, २०१७ च्या जूनमध्ये पेद्रोगांव ग्रांदला ६६ माणसं गेली, त्यातली बरीच रस्त्यावर गाडीत.

मडगावची_सून
रस्ता एकच आहे. नकाशे उतरवून घेतलेत, दोन्ही आगी एकमेकींवर ठेवून बघते आणि कामरात जाऊन येते. तोवर एजंटला हो म्हणत नाही. खालच्या अंगाला नदीकाठी दुसरं एक घर आहे, भोवती भाजीपाल्याचे मळे आणि ऑलिव्ह, दोन बाजूंनी रस्ता. महाग आहे थोडं. त्याचाही ठिपका टाकते, नकाशेवाले दादा, स्क्रीनशॉट इथे टाकला तर बघाल का?

नकाशेवाला
टाका की. घराची नेमकी जागा दिसणार नाही एवढं बघा, आणि १९७५ पासूनची सगळी वर्षं ठेवा, नुसती २०१७ आणि २०२५ नकोत.