लेथ घ्यायचा म्हणतोय, काय करू?

नमस्कार मंडळी,

विषय मंडळाचा नाही, पण विचारायचं कुणाला? नवरा निवृत्त होऊन तीन महिने झाले. पहिला महिना झोपण्यात गेला, दुसऱ्यात कपाटं आवरून झाली, तिसऱ्यात लाकडाचे वाडगे करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ सुरू झाले. आता गॅरेजमध्ये लेथ (लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र) बसवायचा म्हणतोय. यंत्र निवडून झालंय, हत्यारांचा संच निवडून झालाय, फक्त माझ्या होकारासाठी थांबलाय. (होकार म्हणजे माझी गाडी कायमची बाहेर.) ज्याने जन्मभर कीबोर्डाशिवाय काही हातात धरलं नाही, त्याने मिनिटाला हजार फेरे घेणाऱ्या लाकडाला धारदार हत्यार लावायचं, या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा येतो. आपल्यात कुणी हे करतं का? की मी उगाच आडवी येतेय?

– मंडळाच्या वाचनालयाचं बघणारी

---

अगं, विचारलंस ते बरं केलंस. मी नऊ वर्षं इथल्या वुडटर्निंग, म्हणजे लेथवर लाकूड कातणाऱ्यांच्या, क्लबात आहे. लेथ घेऊ दे, पण आत्ता नको. आधी चार-सहा महिने क्लबात काढू दे.

लेथ ही खर्चाची नुसती सुरुवात असते. मग लाकूड पकडून ठेवणारा चक लागतो, ग्राइंडर लागतो, धार लावायचं जिग लागतं, धूळ ओढणारं यंत्र लागतं. यातलं आपल्याला नेमकं काय हवंय ते काम केल्याशिवाय कळत नाही. मी हौसेने आठ हत्यारांचा संच घेतला होता. त्यातली तीन वापरतो, पाच भिंतीवर शोभेला आहेत. आणि त्या संचांची एक गोम त्याला आजच सांग. त्यात सगळ्यात दणकट दिसतो तो रफिंग गाउज, खोलगट पात्याचं हत्यार. नवखा माणूस हमखास तोच उचलतो आणि वाडग्यावर लावतो. तो फक्त लांबट कामासाठी असतो, लाकडाचे तंतू लेथला समांतर असतात तेव्हा. मुठीत शिरणारा त्याचा भाग बारीक असतो. वाडग्यात अडकला की तिथेच मोडतो, आणि मोडलेलं पातं कुठे जाईल याचा नेम नाही. खोक्यावर हे कुणी मोठ्या अक्षरांत छापत नाही.

तुझ्या हजार फेऱ्यांबद्दल. इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, हा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवायचा असा आमचा ठोकताळा आहे. म्हणजे दहा इंची वाडग्याला ६०० ते ९००. तेही ओंडका गोल झाल्यावर. वेडावाकडा असेल तर सगळ्यात कमी वेगापासून सुरुवात, आणि बटण दाबताना लाकडाच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला व्हायचं. चालू करण्याआधी हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघायचा, टूलरेस्टला (हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीला) कुठे घासत तर नाही ना. नवीन माणसाला क्लबात पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात. हत्यार हातात देतच नाहीत.

आता क्लब कशाला, ते सांगतो. पहिल्या वर्षी मी घरी स्क्यू चिझल शिकत होतो. तिरप्या धारेचं पातं असतं, बरोबर लागलं तर लाकूड असं निघतं की पॉलिशपेपरची गरज नाही. माझं बरोबर लागत नव्हतं. वरचं टोक लाकडात रुतायचं, खाडकन आवाज, आणि गुळगुळीत दांड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिळासारखी चर. याला आम्ही कॅच म्हणतो. एकाच संध्याकाळी चार वेळा झालं. तोच व्हिडिओ पंधरा वेळा बघितला, तो माणूस बरोबर करत होता आणि मी चूक, एवढंच कळलं. पुढच्या शनिवारी क्लबात एक म्हातारबुवा मागे येऊन उभे राहिले. काही समजावलं नाही. माझं उजवं कोपर धरून कमरेला चिकटवलं आणि म्हणाले, "हात हलवू नकोस, कंबर हलव. उतार टेकव, धार नको." धारेमागचा उतरता भाग आधी फिरत्या लाकडावर टेकवायचा. तो नुसता घासतो, कापत नाही. मग मूठ हळूहळू उचलायची. एका क्षणी घासण्याचा आवाज जातो, सुर्रर्र होतं, आणि कागदासारखी लांब साल सुटायला लागते. ते मला आधी कानाने कळलं, मग डोळ्यांनी. पाच मिनिटांचं काम, व्हिडिओ बघून वर्षभर जमलं नव्हतं.

बाकी महिन्याला एक सभा असते. कुणीतरी प्रात्यक्षिक करतं, लेथवर दोन कॅमेरे असतात, मागच्या रांगेलाही पडद्यावर दिसतं. एका टेबलावर ज्याने जे केलं ते आणून ठेवायचं. माझा पहिला वाडगा एकाने उचलला, उलटा केला, बुडाला बोट लावलं आणि म्हणाला, "वरून छान आहे, खाली कंटाळा आला होता ना?" आला होता. तेव्हापासून मी बूड आधी बघतो.

आणि झाडांचे दिवस. वाऱ्याने झाड पडलं की कुणाचा तरी फोन येतो. ज्यांना चेनसॉ चालवता येतो ते पाच-सहा जण जातात, आम्ही बाकीचे ओझी वाहतो. ओंडका गाभ्यातून उभा चिरायचा, कारण भेगा गाभ्यापासूनच सुटतात, आणि कापलेल्या टोकांना त्याच संध्याकाळी मेण फासायचं. उद्या म्हणून ठेवलं की सकाळी लाकूड फुटलेलं.

आपल्याकडे हे काम करणाऱ्याला कातारी म्हणत. भोवरे, लाटणी, पलंगाचे पाय, सगळं त्याच्याकडचं. लंडनमध्ये कातारी लोकांच्या संघाला १६०४ मध्ये राजाची सनद मिळाली. हौशी मंडळींच्या संघटना त्यामानाने कालच्या, अमेरिकेतली १९८६ ची आणि ब्रिटनमधली १९८७ ची. त्याआधी ही विद्या बरीचशी बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे जायची. आता निवृत्त इंजिनिअरकडून निवृत्त इंजिनिअरकडे जाते, इतकंच!

शनिवारी घेऊन ये त्याला.

– लेथवाले काका

---

काका, माफ करा, पण दुसरी बाजूही सांगतो. मीही दोन वर्षांपूर्वी एका क्लबात गेलो होतो (तुमचा नव्हे). तासभर कोणत्या स्टीलची धार किती टिकते यावर चर्चा. मला कुणी नाव विचारलं नाही. चहाच्या वेळी सगळे आपापल्या घोळक्यात. मी खुर्ची उचलून ठेवायला मदत केली आणि घरी आलो. परत गेलो नाही.

– खजिनदार

---

खजिनदारसाहेब, खरं आहे. आमच्याकडेही होतं तसं. हे लोक वाईट नसतात, लाजाळू असतात, आणि लाजाळू माणूस स्टीलबद्दल बोलतो. नवीन माणसाने सभेला जाऊच नये. धार लावायच्या संध्याकाळी जावं. तिथे बोथट हत्यार घेऊन गेलं की बोलावंच लागतं, ग्राइंडर दोनच असतात. हे मी तेव्हा तुम्हाला सांगायला हवं होतं.

– काका

---

मी पाच वर्षांपासून काकांच्याच क्लबात आहे, काकांनी माझा उल्लेख केला नाही म्हणून स्वतःच लिहिते.

सैल बाह्या नकोत, हातमोजे तर अजिबात नकोत (फिरतं लाकूड मोज्यासकट बोटं ओढतं), केस घट्ट बांधायचे, बांगड्या, अंगठी, गळ्यातलं सगळं काढून ठेवायचं. चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहऱ्यावर ढाल हवी. हे भीती घालायला नाही, सवय लागली की सीटबेल्टइतकंच.

मला त्या क्लबात धरून ठेवलं ते डब्यांनी. बीड्स ऑफ करेज म्हणून एक उपक्रम आहे. गंभीर आजाराच्या मुलांना प्रत्येक उपचारामागे एक मणी मिळतो. सुई टोचली, मणी. केमो झाली, मणी. बऱ्याच मुलांचे शेकडो होतात. ते ठेवायला बरेच टर्निंग क्लब झाकणाचे डबे करून देतात. घट्ट बसणारं, "पॉप" आवाज करणारं झाकण म्हणजे टर्नरची शान. माझं तसं जमलं तेव्हा मी हवेत होते. डबे गोळा करणाऱ्या बाईंनी तो उघडून बघितला आणि परत दिला. "सलाइन लावलेल्या हाताने उघडता आला पाहिजे." मग झाकण सैल केलं, वरची गाठ मोठी केली, मुठीत मावेल एवढी. वाईट केलेलं झाकण मुद्दाम करायला मला तीन प्रयत्न लागले.

– भोवरेवाली

---

घाईत आहे, दोनच ओळी. लाकडाची धूळ १९९५ पासून कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या, गटात आहे. सालपटांची काळजी नको, पॉलिशपेपर मारताना उडणाऱ्या बारीक भुकटीची करा. चांगला मास्क लावा, आणि लेथ थांबल्यावर लगेच काढू नका, भुकटी हवेत बराच वेळ तरंगते. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कचऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. मोकळी पसरून वाळवा.

– मंडळाची डॉक्टर

---

मंडळी, सात आठवड्यांनी लिहिते आहे.

लेथ घेतलेला नाही. गाडी आत आहे. शनिवार माझा राहिलेला नाही, कारण मीही जाते, पहिल्यांदा त्याला सोडायला म्हणून गेले होते. खजिनदारसाहेबही परवा बोथट गाउज घेऊन आले होते. त्यांना नाव तीन जणांनी विचारलं.

त्याचा पहिला वाडगा ओल्या लाकडाचा आहे. दहा इंच व्यास, म्हणून भिंत इंचभर जाड ठेवायला सांगितली, दहाला एक. वाळताना लंबगोल होणार, ती जाडी त्यासाठी. मग पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. सध्या तो खाकी कागदी पिशवीत जिन्याखाली आहे. पिशवीवर तारखा आणि वजनं. पहिल्या रविवारी १९१० ग्रॅम, मग १७८५, १६९०, काल १६२५. काटा माझा आहे, वजन तो करतो, आकडा मी लिहिते, कारण त्याचं अक्षर त्यालाच लागत नाही.

काका, वजन उतरायचं थांबलं हे कधी धरायचं? तो रोज पिशवी उघडून बघतो.

– वाचनालयवाली

---

सलग चार रविवार तोच आकडा आला की. काही महिने तरी जातील. पिशवी उघडू देऊ नकोस, वारा लागून फुटेल. काटा लपव.

– काका