व्हायोलिनचे शिक्षक: दोघांपैकी कोणाला हो म्हणू? (मदत हवी आहे)

मोकळी_तार:
मुलीला व्हायोलिनच्या खाजगी शिकवणीला घालायचंय. दोन नावं हाताशी आहेत. सर ऑर्केस्ट्रात वाजवतात, कार्यक्रम करतात. मॅडम फक्त शिकवतात, विद्यार्थी भरपूर. दोघंही एकेक चाचणी तास द्यायला तयार आहेत. सोमवारी कळवायचंय. कोणाला हो म्हणू? "मुलीला विचारा" नको प्लीज, विचारून झालंय, तिला दोघंही चालतात.

खुंटी:
पाश्चात्त्य पद्धत की हिंदुस्तानी? वय काय? आधी किती शिकली आहे? वाद्य कुठल्या मापाचं आहे? पद्धत कळल्याशिवाय सांगताच येणार नाही. पाश्चात्त्यमध्ये व्हायोलिन खांद्यावर, तारा जी-डी-ए-ई. हिंदुस्तानीत मांडी घालून बसायचं, वाद्याचं टोक पायावर टेकवायचं, तारा षड्ज-पंचमात लावायच्या आणि मींडेसाठी बोट तारेवरून सरकवायचं. डाव्या हाताची ठेवणच वेगळी. सुरुवातीलाच दोन्हींची सरमिसळ झाली तर एकही धड बसत नाही.

ग्रेड_आठ:
सोपं आहे. जो परीक्षांना बसवतो तो घ्या. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या आठ ग्रेड आहेत, अभ्यासक्रम ठरलेला, तपासणारा बाहेरचा. सहाव्या ग्रेडपासून पुढे बसायचं तर पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिला पर्यायी परीक्षा आधी लागते, म्हणजे वाचनही पक्कं होतं. शिक्षक काम करतोय की नाही ते लगेच कळतं.

निषाद:
@ग्रेड_आठ, परीक्षेतून शिक्षक नाही कळत, तीन तुकडे पाठ झालेत एवढंच कळतं. वर्षभर तेच तीन तुकडे घोटून ग्रेड मिळवलेल्या मुलांपुढे चार ओळींचं अनोळखी नोटेशन ठेवलं की हात थांबतात. विचारायचं असेल तर हे विचारा: परीक्षा सोडून वर्षात किती वेगळे तुकडे वाजवून घेता?

ग्रेड_आठ:
@निषाद, साइट-रीडिंगलाही, म्हणजे अनोळखी नोटेशन बघून वाजवण्यालाही, परीक्षेत गुण असतात. तुम्ही म्हणताय तो दोष शिक्षकाचा, परीक्षेचा नाही.

मोकळी_तार:
पाश्चात्त्य. वय ८. सहा महिने व्हिडिओ कॉलवर शिकली. आवाज खरखरतो आणि मान दुखते म्हणते, म्हणून तर शिक्षक बदलतोय. आता सांगा, सर की मॅडम?

खुंटी:
मापाचं राहिलं. आणि मान दुखते तर आता तेच सगळ्यात महत्त्वाचं.

मोकळी_तार:
पूर्ण मोठं घेतलंय. पुढेही उपयोगी पडेल म्हणून.

खुंटी:
मग मानेचं कारण बहुतेक तेच. आज हात मोजा. डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ धरायचा आणि मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत टेप लावायची. साधारण ४७ सेंमी भरला तर पाव, ५१ ला अर्धं, ५६ ला पाऊण, ५८ च्या पुढे पूर्ण. दोन मापांच्या मध्ये आला तर लहान घ्या. "अर्धं" नावाला अर्धं असतं हं, पूर्ण व्हायोलिनचा डबा (दांडा सोडून पोकळ लाकडी भाग) सुमारे ३५.५ सेंमी आणि अर्ध्याचा सुमारे ३१.

मोठं वाद्य छोट्या हातात दिलं की कोपर जवळजवळ ताठ होतं, वाद्याचं टोक खाली झुकतं, ते सावरायला मूल हनुवटीनं दाबतं आणि मान आवळते. मनगट दांड्याला टेकतं, करंगळी पोचत नाही. गजही लांब पडतो, तो टोकापर्यंत ओढताना खांदा मागे जातो आणि गज घोडीला (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्टीला) समांतर न राहता तिरपा घसरतो. खरखर बरीचशी तिथूनच येते.

मोकळी_तार:
हे आधी कोणीच बोललं नाही.

सुरेल_कान:
व्हिडिओवर ते दिसणंही अवघड. शिवाय कॉलचं ॲप लांब धरलेला सूर गोंगाट समजून कापून टाकतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केल्याशिवाय शिक्षकाला खरा आवाज ऐकूच जात नाही.

चाचणी तासाचं म्हणाल तर सरांचं वादन ऐकायला जाऊ नका, शिकवणं बघायला जा. तुम्ही खोलीतच बसा. पालकाला बसू देत नाहीत तिथे आठ वर्षांचं मूल सोडू नये. पहिल्यांदा वाद्य हातात घेऊन सुरात लावतात का ते बघा, ए तार म्हणजे ४४० हर्ट्झ. बेसूर वाद्यावर तास सुरू करणारे मुलीचा कान काय घडवणार? मग ती वाजवत असताना मध्ये न तोडता ऐकतात का? दुरुस्त्या किती सांगतात? एका तासाला एक-दोन पुरे. सात सांगितल्या तर मूल एकही घरी नेत नाही. "हात सैल सोड" म्हणून सोडून देतात, की आधी मुलीला विचारून, तिचा उजवा अंगठा गजाखाली ताठ आहे तो हलकेच वाकवून दाखवतात?

शेवटी घरचा अभ्यास. "रोज सराव कर" हा अभ्यास नव्हे. "ए तारेवर पूर्ण गज, एकेक सूर चार मात्रा, दहा वेळा, आरशासमोर" हा अभ्यास.

निषाद:
+१. आणि बोटांच्या जागी पट्ट्या चिकटवणारे असतील तर जपून. मूल डोळ्यांनी वाजवायला लागतं.

खुंटी:
आठ वर्षांच्या मुलीला पहिले काही महिने पट्ट्या हव्यातच, नाहीतर हाताची चौकट, म्हणजे बोटांमधली ठरलेली अंतरं, बसत नाही. फक्त त्या काढायच्या कधी हे शिक्षकाला सांगता आलं पाहिजे. आणि कानाची सोय वाद्यातच आहे: ए तारेवर तिसरं बोट डी सुरावर नेमकं पडलं की शेजारची मोकळी डी तार कोणी न छेडता थरथरते. केसभर इकडेतिकडे झालं की गप्प. हे मुलीला दाखवणारा शिक्षक मिळाला तर पट्ट्यांचा वाद उरतच नाही.

राळ_आणि_केस:
खरखरीला गजाच्या केसांना लावायची राळही बघा. नवी वडी गुळगुळीत असते, बारीक सँडपेपरनं वरचा थर खरवडल्याशिवाय केसांना लागतच नाही. रोज तीन-चार हात पुरेत, तारांवर पांढरी भुकटी साचली तर जास्त झाली. वाजवून झालं की गजाचे केस सैल करायचे.

चौथी_तार:
ई तार स्टीलची आहे का? बाकीच्या तीन सिंथेटिक गाभ्याच्या घेतल्या तर आवाज खूप मऊ येतो.

सुरेल_कान:
@चौथी_तार, आधी वाद्य बदलू दे हो, तारा मग.

मोकळी_तार:
हात ५१ भरला. म्हणजे अर्धं. शनिवारी सरांचा तास, रविवारी मॅडमचा. तोवर नवं मिळणार नाही. हेच मोठं घेऊन जाऊ का?

खुंटी:
हेच न्या आणि मापाबद्दल आधी काही बोलू नका. मुलीनं व्हायोलिन खांद्यावर घेतलं की माप चुकलंय हे कोण ओळखतं ते बघा.

सुरेल_कान:
पण दहा मिनिटं झाली तरी कोणी काही म्हणालं नाही, तर तुम्हीच सांगा. पूर्ण तास त्या वाद्यावर वाजवायला लावू नका, मान आधीच दुखतेय.

मोकळी_तार:
बरं. फोनवर मॅडमनी हाताची लांबी विचारली होती, मी "मोजून सांगते" म्हटलं आणि विसरले.

ग्रेड_आठ:
मग अजून काय हवंय? तरी परीक्षांचं विचाराच.