मदत हवी आहे: मुलगी मध्येच हरवल्यासारखी होते, हीसुद्धा फिटच का?

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. गेले काही महिने बोलता बोलता ती मध्येच थांबते. पेन्सिल हातात तशीच, नजर समोर खिळलेली, पापण्या बारीक फडफडतात. हाक मारली, खांदा हलवला तरी दाद देत नाही. पाच-दहा सेकंदांत पूर्ववत होते आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करते. मध्ये काही झालं हे तिला ठाऊकच नसतं. दिवसातून कितीतरी वेळा असं होतं.

डॉक्टरांनी अपस्माराची, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराची, शंका बोलून दाखवली आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) करायला सांगितला. घरात कुणाचा विश्वास बसत नाही. सासूबाईंच्या भावाला आकडी यायची. ते खाली पडायचे, हातपाय झाडायचे, तोंडाला फेस यायचा. फिट म्हणजे तेवढंच, अशी सगळ्यांची समजूत.

वाचताना ॲब्सेन्स आणि फोकल हे फिटचे दोन प्रकार सारखे समोर येतात. दोन्हींत माणूस हरवल्यासारखाच दिसतो म्हणे, मग ओळखायचं कसं? ईईजी नॉर्मल आला तर शंका मिटली का? न्यूरॉलॉजिस्टकडे जायला अजून वेळ आहे, तोवर काय टिपून ठेवू? खूप काळजी वाटते आहे.

प्रतिसाद:
ताई, मी डॉक्टर नाही, पण मला स्वतःला फोकल फिट्स येतात. मेंदूच्या एका भागात सुरू होते ती फोकल. दोन्ही बाजूंना एकदम सुरू होते ती जनरलाइज्ड, ॲब्सेन्स त्यातलीच.

माझ्या वेळी आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं. मग भान जातं. घरचे सांगतात, मिनिट-दोन मिनिटं मी ओठ चाटते, ओढणीचं टोक चाळत बसते. नंतरही बराच वेळ गोंधळलेली असते, कुठे आहे ते उमजत नाही. तुमची लेक लगेच वाक्य पुढे नेते, हा मोठा फरक आहे. वर्णन ॲब्सेन्सकडे झुकतं, निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं.

ईईजीच्या वेळी तिला काही मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतील. ॲब्सेन्स असेल तर बहुधा तिथेच येते आणि आलेखात सेकंदाला साधारण 3 या गतीने टोकदार लहरी उमटतात. घरी मात्र हा प्रयोग करू नका. एखादा ईईजी नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाहीच, असं ठरत नाही.

प्रकार नक्की होणं फार गरजेचं आहे. मी घेते ते कार्बामाझेपिन हे औषध फोकलला चालतं, पण ॲब्सेन्स त्यानेच वाढू शकते.

फोनवर व्हिडिओ काढा, चेहरा आणि हात दोन्ही दिसू द्या, तुमची हाकही ऐकू येऊ द्या. तोवर पाण्यात आणि रस्त्यावर सायकलवर तिला एकटी सोडू नका. शाळेत बाईंनाही हे सांगून ठेवा. कधी मोठी फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. 5 मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. व्हिडिओ आजच काढते. ॲब्सेन्सच निघाली तर ती वयाबरोबर जाते का?

प्रतिसाद:
लहानपणी सुरू झालेली ॲब्सेन्स पुष्कळ मुलांची किशोरवयात थांबते, सगळ्यांची नाही. गोळ्या कधी कमी करायच्या ते डॉक्टर सांगतील, आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत.