बाइकवाल्याचा डावा पाय कारमधे ऐकत का नाही?

सुसाट_पण_सावकाश:
मंडळी, बरीच वर्षं बाइक चालवतोय, क्लच गिअर काय असतं हे कोणी सांगायची गरज नाही, म्हणून वाटलेलं कार पटकन जमेल. पण पहिल्या गिअरला उचलताना एकतर बंद पडते नाहीतर गचका देऊन उडी मारते. जरा रेस देऊन क्लच हळूहळू सोडतो तर शिकवणारे ओरडतात, क्लच जाळशील म्हणून. अहो बाइकवर हेच तर करतो आपण! आणि डावीकडे किती जागा उरलीय याचा काही पत्ता लागत नाही. बाइकची सवय आड येतेय का? आधी बाइक मग कार असं शिकलेल्यांनी सांगा प्लीज.

क्लचप्लेट:
शिकवणारे बरोबर ओरडतायत. बहुतेक बाइकचा क्लच इंजिन ऑइलमधे बुडालेला असतो, त्यात बऱ्याच प्लेटा असतात, त्यामुळे ट्रॅफिकमधे हाफ क्लचवर (क्लच अर्धवट सोडून) रखडत नेली तरी तेल उष्णता ओढून घेतं आणि तो सहन करतो. साध्या मॅन्युअल कारला सहसा एकच प्लेट आणि तीही कोरडी, रेस वाढवून घासत बसलात की तापते आणि जळका वास येतो.

आता पायाचं. बाइकवर क्लच बोटांनी सोडता आणि बोटांना बारीक काम जमतं. डाव्या पायाने आजवर फक्त खटाखट गिअर टाकलेत, त्यामुळे तो सोडतो तेही खटकन. मोकळं सपाट मैदान बघा, पहिला गिअर टाका आणि अ‍ॅक्सिलरेटरला हातच लावू नका (म्हणजे पाय!), नुसता क्लच अगदी हळू वर येऊ द्या. एका जागी इंजिनचा आवाज किंचित जड होतो, गाडी थरथरते, तिथे पाय धरून ठेवा, गाडी आपोआप सरकायला लागते. आजकालच्या गाड्यांचं इंजिन आयडलिंग (रेस न देता चालू राहणं) स्वतः सांभाळतं म्हणून बंद पडत नाही. हे पायात बसलं की मग रेस द्यायला शिका. आधी सीट मात्र पुढे घ्या, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, नाहीतर पाय ताणून ताणून कंट्रोल कुठून येणार.

चौथा_गिअर:
+१. आणि गिअर टाकून झाला की डावा पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवा. बाइकवर दोन बोटं कायम लिव्हरवर असतात ना, तीच खोड पायात येते.

मागची_सीट:
मला त्याहून मोठी भीती उजव्या पायाची वाटते. बाइकवर उजवा पाय म्हणजे फक्त ब्रेक. दचकलात की पाय आपसूक दाबला जातो आणि कारमधे तो त्या वेळी असतो अ‍ॅक्सिलरेटरवर!! म्हणून शंका आली, कोणी आडवं येईलसं वाटलं, की आधीच पाय उचलून ब्रेकवर नेऊन ठेवा, दाबायची गरज नसली तरी. आणि ब्रेक मारताना लगेच क्लच दाबू नका, इंजिन गाडीला मागे ओढून वेग कमी करत असतं ते फुकट जातं, वेग अगदी कमी झाल्यावर दाबा. अचानक थांबायचं असेल तर वेगळी गोष्ट, तिथे दोन्ही दाबा.

सुसाट_पण_सावकाश:
उजव्या पायाचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. चढावर काय करता? मी हाफ क्लचवर धरून ठेवतो.

क्लचप्लेट:
अजिबात नको, तोच वास पुन्हा. हँडब्रेक ओढा, क्लच त्या थरथरीपर्यंत आणा, थोडी रेस द्या, गाडीचं तोंड जरा उचललं की हँडब्रेक सोडा.

चौथा_गिअर:
मी हँडब्रेक न वापरता ब्रेकवरून पटकन पाय नेतो. पण नवीन माणसाने हँडब्रेकच वापरावा, मागे कोणी चिकटून उभं असतं.

आरशात_बघा:
जागेच्या अंदाजाबद्दल कोणीच बोललं नाही. बाइकवर तुम्ही गाडीच्या मधोमध असता, कारमधे एका कडेला, म्हणून सगळे बाइकवाले सुरुवातीला गाडी डावीकडे घासत नेतात. गाडी रस्त्याच्या कडेच्या पट्टीला समांतर उभी करा, डावा आरसा बघा, मग खाली उतरून चाक पट्टीपासून किती लांब आहे ते बघा. परत बसा, परत बघा. कंटाळवाणं आहे पण डोळ्याला माप कळतं. वळताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात, त्यामुळे गाडी कोपऱ्याच्या जरा पुढे गेल्यावर स्टिअरिंग फिरवा, बाइकसारखं आधीच झुकायचं नाही. बाकी आवाजावरून गिअर कधी बदलायचा ते कळणं आणि समोरचा कुठे घुसणार याचा वास लागणं, यात तुम्ही कोऱ्या माणसाच्या पुढेच आहात.

सुसाट_पण_सावकाश:
शेवटचं एक, चौथ्यातून डायरेक्ट दुसरा टाकला तर चालतो का? मी चार तीन दोन असाच उतरतो.

मागची_सीट:
चालतो की, वेग तेवढा कमी करून टाका. एकेक पायरी उतरायची सक्ती बाइकला, कारला नाही. सिग्नलला तर सरळ न्यूट्रल करून थांबा, निघताना पहिला.