लाईन पडली की रेकॉर्डिंग जातं. गावात टिकेल असा कॉम्प्युटर कसा जुळवू?

खंजिरीवाला
नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यात, गावाच्या पार टोकाला आमचं घर. दिवसा कपाशी-तूर, संध्याकाळी भजन मंडळात खंजिरी. दोन वर्षांपासून मागच्या खोलीत रेकॉर्डिंग करतो. मंडळाची भजनं, आणि मुख्य म्हणजे आमच्या मोठीमायची भुलाबाईची गाणी. तिचं वय ८१. गावातल्या पोरी आता मोबाइलवर गाणी लावून मोकळ्या होतात, हिला मात्र अख्खी पाठ आहेत.

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला तिला बसवलं. त्या वेळी ट्रॅक्टर नसतात, कुत्री तेवढी असतात. घसा असा लागला होता की काय सांगू! अकरा-बारा मिनिटं गायली, अन् तेवढ्यात रात्रपाळीची थ्री-फेज आली. शिवारातल्या मोटरी एकदम सुरू, ट्यूबलाइट फडफडली, कॉम्प्युटर बंद. घरात इन्व्हर्टर आहे, पंखा फिरतच होता! मोठीमाय म्हणे, "झालं का रे बाप्पा?" मले सांगायला तोंड नव्हतं. फाईल ९८ एमबीची दिसते, पण वाजवली तर शून्य सेकंद. एक माइक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये.

आता नवीन मशीन जुळवतो. कापसाच्या पैशातून ६०,००० बाजूला काढलेत. मॉनिटर आणि इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आहे. दुकानदार म्हणतो आय-सेव्हन प्रोसेसर घ्या, ग्राफिक कार्ड घ्या, डब्यात रंगीत लाईट पण येतात. घेऊ का? आणि हेडफोनमध्ये सारखा 'हूं' असा आवाज असतो, इंटरफेसच्या डब्याला हात लावला की कमी होतो. हे काय आहे?

वडशाचा ऑर्गनवाला
भाऊ, पहिले ती फाईल डिलीट करू नका, गाणं बहुतेक आत आहे. वेव्ह फाईलच्या डोक्यात तिची लांबी लिहिलेली असते, आणि खरी लांबी रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. लाईन आधीच गेली, म्हणून तिथे शून्य राहिलं. तुमच्या सेटिंगला एका सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात. ९८ एमबी म्हणजे अकरा मिनिटांच्या वरच झालं. फाईलची एक कॉपी करा. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरात इम्पोर्टमध्ये 'रॉ डेटा' निवडा. २४ बिट साइन्ड, लिटल-एंडियन, मोनो, ४८०००. सुरुवातीचा ऑफसेट, म्हणजे पहिले किती बाइट सोडायचे तो आकडा, ० ठेवून पाहा. नुसती खरखर आली तर १, मग २. आवाजाचा एक नमुना (सॅम्पल) तीन बाइटचा असतो, त्यामुळे तीनपैकी एका आकड्यावर सूर जुळतोच.

आता मशीन. मी झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. दिवाळीनंतर सीझन लागला की रात्रभर मंचापुढे बसतो, उन्हाळ्यात घरी ट्रॅक बनवतो. पहिल्या खेपेला मीही दुकानदाराचं ऐकलं. मोठा प्रोसेसर, काचेचा डबा. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर. खोली जितके अंश चढते, तितकाच प्रोसेसर चढतो, त्याच्यापुढे कोणाचं चालत नाही. पंखे असे बोंबलायचे की माइकमध्ये आधी पंखा, मग गायक.

तुमच्या कामाला आय-फाइव्ह १२४०० भरपूर. सहा कोर, सगळे एकसारखे, आणि चित्रासाठी वेगळं कार्ड लागत नाही. फक्त नावाच्या शेवटी 'एफ' असलेला घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं. जोडीला १६ जीबी रॅम आणि दोन एसएसडी, एकीवर विंडोज, दुसरीवर रेकॉर्डिंग. प्रोसेसरच्या खोक्यात येणारा छोटा पंखा सोडून त्याच्यावर १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर बसवा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची पॉवर लिमिट ६५ वॉटवर बांधून टाका. हवा आत ढकलणारे पंखे जास्त आणि बाहेर काढणारे कमी ठेवा, म्हणजे धूळ फटीफटींतून न शिरता जाळीवरच अडकते. इकडे राईस मिलचा कोंडा, तुमच्याकडे कापसाचा फूस. जाळी दर पंधरा दिवसांनी झटका. मागच्या रिकाम्या खाचांना पट्ट्या लावा. माझ्या पॉवर सप्लायमध्ये पाल शिरली होती. तिचं जे झालं ते झालं, माझा एक आख्खा सीझनचा ट्रॅक अडकला.

नागपूरकर पोट्टा
एवढं कशाला राजेहो, लॅपटॉप घ्या. त्यात बॅटरी असतेच, लाईन गेली तरी घाम नाही.

वडशाचा ऑर्गनवाला
बाहेरगावी जाऊन रेकॉर्ड करायला लॅपटॉपच बरा, मीही नेतो. पण मे महिन्यात गरम झाला की स्वतःच वेग कमी करतो, ऐन मिक्सिंगमध्ये तुटक वाजतं. आणि बिघडला तर इथे उघडणारं कोण?

वायरमन, दारव्हा
प्रोसेसरवर तीन जण बोलले, लाईनवर कोणीच नाही. म्हणून मी.

जुना डबा उघडून पॉवर सप्लायचं लेबल वाचा. २००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर चोर सापडला. मोटरी सुरू झाल्या की तुमच्या टोकाला १६०-१७० राहत असतील, तिथे तो मान टाकणारच. नवीन घेताना १००-२४० वाला घ्या. चांगल्या कंपनीचा ५५० वॉट पुष्कळ झाला.

दुसरं, इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं. तुमचं 'नॉर्मल'वर असेल. त्यात तो पडकी लाईन तशीच आत सोडतो. पंख्याला चालतं, कॉम्प्युटरला नाही. 'यूपीएस'वर केलं की साधारण १८० च्या खाली तो बॅटरीवर जातो, आणि बदलतोही झटक्यात. फक्त इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखीच गुळगुळीत वीज देणारा पाहिजे. स्क्वेअर वेव्हवर नवे पॉवर सप्लाय कुरकुरतात, आणि माइकमध्ये घरघर येते ती वेगळीच.

तो 'हूं' म्हणजे अर्थिंग. हात लावल्यावर कमी होतो म्हणजे अर्थिंगचं काम तुमचं अंग करतंय! बोर्डाची वरची जाड पिन कुठे जोडली आहे ते पाहा. बऱ्याच घरांत ती कुठेच जोडलेली नसते, नुसतं भोक. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी टाकत जा, माती सुकली की अर्थिंग मेली. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटरवर दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर माणूस बोलवा, स्वतः हात घालू नका. आणि खोलीतला हवेचा कूलर त्याच बोर्डावर नको, त्याची मोटर सुरू होताना रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' येतो.

खंजिरीवाला
तिघांचेही आभार. लेबलवर २००-२४०च निघालं. इन्व्हर्टर पण 'नॉर्मल'वर. पोरानं पंखा हळू फिरतो म्हणून दिवाळीत बटण फिरवलं होतं म्हणे. तिसऱ्या पिनीमागे वायरच नाही, वायरमन शुक्रवारी येतो म्हणालाय. आय-सेव्हन रद्द. वाचलेल्या पैशात खड्डा, कोळसा, मीठ आणि चांगला पॉवर सप्लाय.

अन् फाईल! ० वर खरखर, १ वर खरखर, २ टाकलं तर आधी बारीक 'टक्', मग मोठीमायचं खाकरणं, मग गाणं. साडेअकरा मिनिटं. लगेच तिच्या कानाला हेडफोन लावला. डोळे मिटून सगळं ऐकलं, अन् म्हणते, "दुसऱ्या गाण्यात चुकली मी. पुन्हा घे."