तुमच्या ट्रंकेत कुठली जीन्स पडून आहे?

शहापूरची_धाकटी
आज सकाळी वाकळा उन्हात घालायला गच्चीवर नेल्या. त्यात आईच्या हातची एक आहे, दोघांनी धरल्याशिवाय उचलत नाही. एवढी जड कशी म्हणून उलटून बघितली तर मधोमध चामड्याचा चौकोनी तुकडा. अक्षरं घासून गेलीत, पण 'टफ' वाचता येतंय. दादाची रफ अँड टफ!

1996 चा गणपती. अरविंद मिलचं ते पाकीट आदल्या वर्षीच बाजारात आलं होतं, 195 रुपयांचं. कापड, चेन, बटण, रिव्हेट, मागची चामड्याची पट्टी सगळं आत, फक्त टेलरकडं टाकायचं. टीव्हीवर अक्षय कुमार. दादानं महिनाभर डोकं खाल्लं, शेवटी आईनं भिशीतले पैसे दिले. टेलरनं कापड न भिजवताच बेतलं. पहिल्या धुण्यात पॅन्ट घोट्याच्या वर. बाबा दारातच म्हणाले, "गल्लीत पूर आलाय काय रे?" तरी त्यानं ती तीन वर्षं वापरली, वर पांढरे मोजे घालून. मग तिची बाजाराची पिशवी झाली, आणि पिशवी फाटल्यावर वाकळेत गेली वाटतं.

तुमच्याकडचं सांगा. जीन्स, टी-शर्ट, टोप्या, बूट, काहीही. जे अंगावर नसलं तर कट्ट्यावर उभं राहायला लाज वाटायची आणि आता नावसुद्धा कोण घेत नाही.

खूटावरचा_पोऱ्या
पांढरे मोजे 😂😂 आमचा पण एक फोटो हाय असला, दाखवणार नाय

निपाणी_ते_पुणे
न्यूपोर्ट. बस. विषय संपला.

खूटावरचा_पोऱ्या
संपला कसा गा, सांग की पुढं

निपाणी_ते_पुणे
मीटिंगमध्ये आहे रे. न्यूपोर्ट पण अरविंदचीच होती. रफ अँड टफ शिवून घेणारे आणि न्यूपोर्ट तयार घेणारे अशा कॉलेजात दोन जाती होत्या. मी न्यूपोर्टवाल्याचा मित्र होतो, म्हणजे त्याची जीन्स शनिवारी मला मिळायची. कंबर 32, माझी 28. मागच्या बाजूला पट्ट्याखाली एवढी चुणी पडायची की बसलं की टोचायचं. नंतर लिहितो.

सुईदोरा
धाग्यावर बोलायचा हक्क माझा आहे, आमच्या बाबांचं टेलरिंगचं दुकान होतं.

ह्या पाकिटांनी आमचं घर दोन वर्षं चाललं. टेरिकॉटच्या पॅन्टी शिवायच्या मशीनवर जीन्स शिवायची म्हणजे सुयांचा खुर्दा. सोळा नंबरची टिकायची नाही, अठराची घालायला लागायची. मांड्यांच्या शिवणी एकत्र येतात तिथं कापडाचे पदरावर पदर होतात, मशीन पुढं सरकतच नाही. तिथं आधी हातोडीनं ठोकून शिवण चपटी करायची, मग चाक हातानं फिरवत एकेक टाका. नारिंगी दोऱ्याची डबल टीप घालताना बाबा बोलायचे नाहीत, आम्ही पण गप्प. शाळेतून आलो की रिव्हेट ठोकायचं काम माझं. डाव्या अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे.

मग काय झालं तर पट्ट्या सुट्या मिळायला लागल्या. पट्टी, बटण, रिव्हेट, सगळं डुप्लिकेट पुडीत. गिऱ्हाईक साधं डेनिम मीटरवर फाडून आणायचं आणि म्हणायचं, "मागं पट्टी तेवढी लावा की ओ." बाबा लावायचे. कंपनीनं गावोगावच्या टेलरला जीन्स शिवायला शिकवलं, आणि टेलर शिकल्यावर कंपनीचं पाकीट कुणाला पाहिजे? पुढं बळ्ळारीच्या शिवलेल्या जीन्स बाजारात ढिगानं आल्या तेव्हा टेलरची पण गरज राहिली नाही. बाबांनी शेवटी फॉल-पिको सुरू केलं.

शहापूरची_धाकटी
@सुईदोरा किती छान लिहिलंय. एकच विचारते, तुमचे बाबा कापड भिजवून घ्यायचे ना?

सुईदोरा
रात्रभर बादलीत. सकाळी बादलीतलं पाणी निळं शाईसारखं. तुमच्या दादाचा टेलर आमचा नव्हे, शपथ घेतो.

घाटावरचा_पाऊस
भिजवायचं काय सांगताय, आमच्याकडं वाळवायचं बघा! खानापूर तालुका, जांबोटीच्या पुढं. जूनमध्ये धुतलेली जीन्स गणपतीला वाळणार. एकच जीन्स होती, ती चुलीवर तार बांधून टाकायचो. कॉलेजला आलो की पोरं वास घेऊन म्हणायची, आज बांगडा भाजला का सुका जवळा. ब्रँड काय विचारू नका, ब्रँड धूर.

खूटावरचा_पोऱ्या
ब्रँड धूर 🤣🤣 मेलो

वडगावची_अक्का
तुम्ही सगळी पोरं. पोरींचं कोण सांगणार?

आमच्या घरी माग होते, दिवसभर खटखट. सगळ्या वडगावात पातळं विणणारे आणि माझ्या डोक्यात जीन्स. 97-98 असेल. भावाची फ्लाइंग मशीन जुनी झाली ती मी आत घेऊन शिवली, आणि दप्तरातून न्यायची. मैत्रिणीच्या घरी बदलायची, संध्याकाळी परत पंजाबी ड्रेस. एकदा शिवजयंतीचे चित्ररथ बघायला गेले तशीच, गर्दीत समोर अप्पा! मला वाटलं, संपलं. ते जवळ आले, मांडीवरचं कापड दोन बोटांत धरून चोळून बघितलं आणि म्हणाले, "ताण्याला निळा, बाण्याला पांढरा. सूत जाड हाय." बास. घरी येऊन एक शब्द नाही. विणकरच शेवटी.

शहापूरची_धाकटी
अक्का 🥹 काटा आला

बेंगळूर_रिटर्न
सुधारणा: फ्लाइंग मशीन संपलेलं नाही. 1980 चा ब्रँड, अरविंदचाच, अजून चालू आहे. किलर 1989 चा, तो पण मिळतो. धाग्याचा विषय लोप पावलेले ब्रँड असा आहे.

वडगावची_अक्का
बाळा, माझी संपली नव्हे, ती सांगूलालोय मी.

खूटावरचा_पोऱ्या
आला ऑडिटर

बेंगळूर_रिटर्न
बरं, मग माझा खराखुरा संपलेला घ्या. कूटॉन्स. एके काळी देशभर हजाराच्या वर दुकानं, आणि कुठल्याही दुकानावर कुठल्याही महिन्यात बोर्ड: 50 + 40 टक्के सूट. मी पहिल्या पगाराला गेलो, डोक्यात हिशोब की 90 टक्के सूट, हजाराची जीन्स शंभरला. चार काढून काउंटरवर ठेवल्या. त्यानं शांतपणे सांगितलं, आधी निम्मे, म्हणजे पाचशे, त्यातले चाळीस टक्के गेले की तीनशे. मी बीकॉम होतो. तीन परत ठेवल्या.

बारा महिने सूट म्हटल्यावर सूट नसलेली किंमत कुणी खरी मानेल का? कंपनी कर्जात गेली आणि दुकानं बंद झाली.

निपाणी_ते_पुणे
आलो. प्रोव्होग विसरलात. जाहिरातीत फरदीन खान! लग्नाच्या रिसेप्शनला चकचकीत चिकटून बसणारा शर्ट. माझ्या चुलतभावानं हळदीच्या दिवशी घातला, पुढचं सांगत नाही. कंपनी 2018 च्या सुमारास दिवाळखोरीत निघाली, हळद मात्र अजून आहे.

मापशाचा_शुक्रवार
आमचं सगळं फॅशन गोव्यावरनं. चोर्ला घाटातनं उतरायचं, मापशाचा शुक्रवारचा बाजार, काजू आईला आणि टी-शर्ट आपल्याला. मी फुबूचा घेतला होता, समोर मोठ्ठं 05. काय ते माहीत नाही, पण ढगळ असल्यामुळं लई भारी वाटायचं. शाळेत सर म्हणाले, "हा रोल नंबर कुणाचा? तुझा तर 41."

बेंगळूर_रिटर्न
फुबू म्हणजे 'फॉर अस, बाय अस'. 1992 ला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात डेमंड जॉन आणि त्याच्या मित्रांनी काढलं, काळ्या पोरांनी आपल्या लोकांसाठी. 1997 ला रॅपर एलएल कूल जे हा दुसऱ्याच कंपनीच्या, गॅपच्या जाहिरातीत फुबूची टोपी घालून उभा राहिला आणि रॅपमध्ये 'फॉर अस, बाय अस' म्हणून गेला. गॅपला पत्ता नव्हता. पैसे त्यांचे, जाहिरात ह्यांची.

मापशाचा_शुक्रवार
आणि त्या सगळ्याचा शेवट मी, बेळगावच्या कॅम्पातल्या ग्लोब टॉकीजच्या लायनीत, 05 घालून 😄 दोन धुण्यात 0 गेला, 5 राहिला.

घाटावरचा_पाऊस
चोर्ल्याचा रस्ता आता कसा हाय? रविवारी जायचंय

मापशाचा_शुक्रवार
खड्डे हाईत. पहाटे निघा.

खूटावरचा_पोऱ्या
माझं पण लिहितो, आता दुकानात गिऱ्हाईक हाय. एड हार्डीचा टी-शर्ट. वाघाचं तोंड. खडे लावलेला. खडे इस्त्रीला चिकटले, आई अजून त्या इस्त्रीवरनं बोलते. बाकी रात्री.

वडगावची_अक्का
रात्री लिहितो म्हणणारे कधी लिहीत नाहीत

सुईदोरा
@शहापूरची_धाकटी एक विनंती. त्या पट्टीचा जवळून फोटो टाकाल का? खऱ्याची शिवण आणि डुप्लिकेटची शिवण मला ओळखता येते. रिव्हेट असले तर तेही.

शहापूरची_धाकटी
टाकते की. पण डुप्लिकेट निघाली तर दादाला सांगायचं नाही, तो दुबईत बसून हा धागा वाचूलालाय.

सुईदोरा
नाही सांगत.

शहापूरची_धाकटी
अगं बाई, वळीव आला! वाकळ गच्चीवरच आहे

घाटावरचा_पाऊस
पळा! भिजली तर आता चौघं लागतील

वडगावची_अक्का
मिळाली का?

पाहुणा_चिक्कोडीचा
उशिरा आलो, सगळं वाचलं नाही. बाटाचे नॉर्थ स्टार बूट कुणाला आठवतात का? निळ्या पट्ट्यांचे?