पुरुषोत्तमच्या एकांकिका एकदाच होऊन का संपतात? आठवडाभर 'भरत'ला बसल्यावर पडलेला प्रश्न

गुलबक्षी

यंदा ऑगस्टमध्ये एक आठवडा रोज ऑफिस सुटलं की थेट सदाशिव पेठ, भरत नाट्य मंदिर. पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी. पुण्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते, महाराष्ट्रीय कलोपासकची ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, १९६३ पासूनची. ५१ संघ उतरतात, त्यातले नऊ अंतिम फेरीत जातात. लेखन, दिग्दर्शन, अभिनय यावर भर, झगमगाटाला इथे किंमत नाही, म्हणून मला ही स्पर्धा आवडते.

त्या आठवड्यातली एक एकांकिका अजून डोक्यातून जात नाहीये. आई गेल्यावर दोघं भाऊ भांड्यांची वाटणी करायला बसलेत, एवढंच. सेट म्हणजे एक दाराची चौकट आणि खरीखुरी पितळी भांडी, बहुतेक कोणाच्या तरी माळ्यावरून आणलेली. मोठा भाऊ एक पातेलं उचलतो, त्यावर कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवत एकेक अक्षर वाचायला लागतो आणि ते नाव आईचं माहेरचं निघतं, जे धाकट्याला माहीतच नसतं. बस. पुढे तो काही बोलत नाही, पातेलं धाकट्याच्या पुढ्यात सरकवतो, त्याचा फरशीवर घासल्याचा आवाज होतो. दहा मिनिटांपूर्वी 'अरे आव्वाज कुणाचा' या कॉलेजांच्या घोषणांनी दणाणणारं थिएटर, आणि त्या क्षणी बाल्कनीतला पंखा ऐकू येत होता.

ती एकांकिका अंतिम फेरीत गेली नाही. परीक्षकांबद्दल माझी तक्रार नाही, ५१ मधून नऊ निवडायच्या म्हणजे काही चांगल्या राहणारच. माझं म्हणणं वेगळं आहे. दोन महिने ती पोरं रात्री अकरा-बारापर्यंत तालमी करतात, एकदा प्रयोग होतो, पडदा पडतो, सेट मोडला, भांडी परत माळ्यावर आणि ती गोष्ट कायमची संपली. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की तू हे बघायलाच पाहिजे, आणि मग लक्षात आलं की कुठे बघणार, आता ते कुठेच नाहीये.

मला मनापासून वाटतं की स्पर्धा संपल्यावर दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास एक आठवडा फक्त या एकांकिकांचा असावा. मोठी थिएटरं नकोत. सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह, द बॉक्स अशा छोट्या जागा. रोज दोन एकांकिका, दीडशे रुपये तिकीट, प्रत्येकीचे किमान तीन प्रयोग, परीक्षक नाहीत, नंबर नाहीत. निवड अंतिम फेरीवरून नको, प्रेक्षकांना काय परत बघायचंय त्यावरून करा. तुम्हाला काय वाटतं?

पर्वती पायथा

ताई, कळकळ पोचली, पण मी पूर्ण विरोधात आहे. मी चौऱ्याऐंशी साली याच स्टेजवर उभा राहिलोय, त्यामुळे थोडं हक्कानं बोलतो.

स्पर्धा ही शाळा आहे. शाळेत लिहिलेल्या निबंधाचं कोणी पुस्तक काढत नाही, पण तो निबंध लिहून हात तयार होतो. पुरुषोत्तममधून पुढे जातात ती माणसं, एकांकिका नाही. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे ही बीजे मेडिकलची मंडळी, त्यांनी कॉलेजात काय केलं ते आज किती जणांना आठवतं? पण त्या सवयीतून, त्या मैत्रीतून पुढे थिएटर अकादमी ही नाट्यसंस्था उभी राहिली. नंतरच्या काळात आसक्त, नाटक कंपनी हे ग्रूपसुद्धा अशाच कॉलेजात नाटक करणाऱ्या पोरांनी काढले. एकदाच करायचंय हे माहीत असतं म्हणून पोरं सगळं पणाला लावतात. तिकीट लावलं की दुसऱ्या दिवशी 'लोकांना काय चालेल' हा विचार सुरू होतो, आणि एकोणीस वर्षाच्या पोराच्या डोक्यात तो शिरू नये असं मला वाटतं. त्याला आयुष्यभर तोच विचार करायचाय पुढे.

दुसरं, सगळ्याच एकांकिका लोकांपुढे नेण्याच्या लायकीच्या असतात हे मला मान्य नाही. २०२२ ला परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही हे विसरू नका. तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण मला तो निर्णय पटला होता. चूक करायला एक सुरक्षित जागा लागते, आणि चूक तिकीट लावून दाखवायची नसते.

गोदाकाठ

पर्वती काका, निबंधाचं पुस्तक निघतं कधी कधी. 'देवबाभळी' आधी एकांकिकाच होती, आमच्या नाशिकच्या पोरांनी केलेली. पुढे तिचं दोन अंकी संगीत नाटक झालं, २०१७ पासून व्यावसायिक रंगभूमीवर तुफान चाललं, आणि लेखक प्राजक्त देशमुखला त्यासाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. ती एकांकिका एका प्रयोगात संपली असती तर? गुलबक्षीताईंना पूर्ण पाठिंबा.

परळ नाका

@गोदाकाठ, एका उदाहरणावर नियम नका करू. आम्हा मुंबईकरांकडे बघा. आमच्याकडे एकांकिका एका प्रयोगात संपत नाही, उलट सीझनभर या स्पर्धेतून त्या स्पर्धेत फिरते, आणि मग जिंकलेल्यांची स्पर्धा म्हणजे चतुरंग संस्थेची 'सवाई', २५ जानेवारीची रात्र जागून बघायची, प्रजासत्ताक दिनाची पहाट थिएटरातच होते. मी कित्येक वर्षं जातोय, जीव आहे माझा त्यात. पण एवढे प्रयोग होऊन काय होतं तेही सांगतो. एकांकिका घासून घासून गुळगुळीत होते. कुठे टाळी येते ते कळतं मग टाळी वाढवली जाते, कुठे रडू येतं ते कळतं मग तिथे म्युझिक वाढतं, वीस पोरांचा मॉब, लेव्हल म्हणजे स्टेजवरचे चौथरे इकडून तिकडे सरकतायत, शेवटी सगळे एका सुरात ओरडणार आणि ब्लॅकआउट. पहिल्या प्रयोगात जो कच्चेपणा होता, जो तुम्हाला त्या पातेल्याच्या आवाजात दिसला, तो दहाव्या प्रयोगाला राहत नाही. म्हणून मला उलट पुण्याचा हेवा वाटतो. ताई, तुम्ही जे बघितलं ते एकदाच होतं म्हणूनच तसं होतं.

बॅकस्टेजवाला

मी मतात पडत नाही, कामाचं बोलतो. आठ वर्षं विंगेत उभा आहे.

१. प्रयोग तिकीट लावून करायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागणार, लेखकाची लेखी परवानगी लागणार. लेखक बऱ्याचदा कॉलेजातलाच असतो, ठीक, पण कथा कोणाची घेतली असेल तर तिथेही विचारावं लागेल.

२. भरतचं स्टेज आणि छोट्या हॉलची जागा यात फरक आहे. ताईंनी सांगितलेली चौकट छोट्या जागेत बसेल, पण ज्यांचा सेट तीन फ्लॅट (सेटच्या भिंती) आणि दोन लेव्हलचा आहे त्यांना सगळं परत बसवावं लागेल, लाइट परत लावावे लागतील. मुलांना वाटतं तीन प्रयोग म्हणजे तिप्पट मजा, प्रत्यक्षात तिप्पट टेम्पोभाडं.

३. दिवाळीत अर्धी मुलं गावी जातात. लातूरचा, जळगावचा पोरगा तुमच्या महोत्सवासाठी घरी जाणार नाही का? आणि सेमिस्टरची परीक्षा कधी ते युनिव्हर्सिटीलाच शेवटपर्यंत माहीत नसतं.

हे सगळं सुटू शकतं, अशक्य नाही. पण 'करायला हवं' म्हणणाऱ्यांनी 'कोण करणार' तेही लिहावं. आमच्या वेळी एका संस्थेनं असाच विजेत्यांचा महोत्सव जाहीर केला, आमच्याकडून सेट नेऊन घेतला, आणि पहिल्या दिवशी पन्नास माणसं आली म्हणून दुसऱ्या दिवसापासून रद्द. टेम्पोचे पैसे आम्ही पाच जणांनी वर्षभर फेडले. तेव्हापासून मी आधी हिशोब विचारतो.

गुलबक्षी

बॅकस्टेजवाले दादा, हे असं कोणीतरी लिहायला हवं होतं, थँक्यू. टेम्पोचं वाचून वाईट वाटलं. म्हणूनच मी छोट्या जागा आणि कमी सेटच्या एकांकिका म्हणतेय, आणि पहिल्या वर्षी बारा-पंधरा नाही, चारच करू. खर्च मुलांवर पडता कामा नये ही पहिली अट. कोण करणार, तर माझ्यासारखे प्रेक्षक. मी बँकेत आहे, हिशोब मी ठेवीन, तिकीटविक्री मी बघीन, हे हवेत बोलत नाहीये. ५०० पर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, म्हणजे दीडशेतले दीडशे आपल्या हातात येतात, त्यातून हॉलभाडं आणि टेम्पो वजा करून उरलेलं मुलांचं.

पर्वती काका, शाळा म्हणालात ते पटलं. पण शाळेत शिकवतं कोण? परीक्षक शिकवतात, दिग्दर्शक शिकवतात, पण प्रेक्षक शिकवत नाही का? भरतमध्ये प्राथमिक फेरीला समोर कोण बसलेलं असतं तर स्पर्धक, माजी स्पर्धक आणि त्यांचे मित्र. माझ्यासारखी कोणाशीच संबंध नसलेली माणसं मी हाताच्या बोटांवर मोजली. ज्याला तुमचं कॉलेज माहीत नाही, जो घोषणा देणार नाही, जो दमून भागून आलाय त्याच्यासमोर उभं राहणं हेही शिकणंच आहे. मुंबईत प्रयोग वाढले की एकांकिका गुळगुळीत होते असं परळ नाका म्हणतायत, पण ते सगळे प्रयोग परीक्षकांसमोरचे आहेत हो! गुळगुळीतपणा प्रयोगांच्या संख्येनं येत नाही, मार्कांच्या आशेनं येतो.

आणि एक, त्याच भरतमध्ये १९७२ ला 'घाशीराम कोतवाल' पहिल्यांदा झालं. ते करणाऱ्या संस्थेनंच ते थांबवलं तेव्हा जब्बार पटेल, मोहन आगाशे वगैरे त्या मुलांनी 'झाला अनुभव, शिकलो' म्हणून सोडून दिलं नाही. १९७३ ला थिएटर अकादमी काढली, नाटक परत उभं केलं आणि पुढे युरोपपर्यंत नेलं. तुम्ही ज्या अकादमीचं नाव घेतलंत ना काका, ती एक नाटक संपू द्यायचं नाही म्हणूनच उभी राहिली.

पर्वती पायथा

हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण ताई, ती मुलं स्वतः उठली. कोणी महोत्सव भरवून त्यांना बोलावलं नव्हतं. ज्यांच्यात तेवढी आच असेल ती पोरं आजही सुदर्शन बुक करतील आणि करतातही. ज्यांच्यात नाही त्यांना आपण ओढून का न्यायचं? माझं मत तिथेच आहे.

झाडीपट्टीकर

मी वडसा-देसाईगंजचा, नोकरीनं पुण्यात. तुमची चर्चा वाचून एक सांगावंसं वाटलं. आमच्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं चालतात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात. गावात मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असली की रात्री नाटक ठरलेलं. वडशात कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावातलं मंडळ येऊन नाटक बुक करतं, शामियाना लागतो, लोक तिकीट काढून रात्रभर बघतात, पहाटे घरी जातात, पाहुणेसुद्धा त्या दिवशी मुद्दाम बोलावतात. परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. त्यात सगळंच उत्तम असतं असं नाही म्हणत. पण आमच्याकडे 'प्रेक्षकासमोर न्यावं का' हा प्रश्नच पडत नाही, कारण नाटक बसवतात तेच त्याच्यासाठी. माझी आजी शाळेत गेली नाही, पण कोणता नट संवाद विसरला आणि त्यानं कसा सावरून घेतला हे ती घरी येऊन सांगायची. असा प्रेक्षक आठवडाभरात तयार होत नाही, दरवर्षी त्याच तारखांना केलं तर होतो. ताईंनी एक वर्ष करून थांबू नये एवढंच.

थर्ड इयर बी

मी यंदा केलीये एकांकिका, लिहिलीही मीच. कोणतं कॉलेज ते सांगत नाही. गुलबक्षीताई, तुमचं वाचून आधी खूप भरून आलं कारण बाहेरचं कोणी इतकं लक्ष देऊन बघतं हे आम्हाला माहीतच नसतं. पण मला माझी परत करायची नाहीये. ती माझ्या आजोबांच्या शेवटच्या महिन्यांवर होती, ते ज्या शब्दांत बोलायचे तेच शब्द होते, आणि ते बोलणारा मुलगा माझा मित्र आहे. प्रयोग संपल्यावर आम्ही मागे बसून स्टेजवरच्या रेडियमच्या पट्ट्या नखानं काढत होतो आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता झालं, आता ते गेले. मी परत तालमी लावून ते सगळं रोज उभं करू शकत नाही. प्रत्येक एकांकिका संपणं म्हणजे नुकसानच असं नसतं. काही संपवण्यासाठीच लिहिलेल्या असतात.

परळ नाका

हे मला सांगायचं होतं आणि जमलं नव्हतं.

गुलबक्षी

बाळा, तुझं दोनदा वाचलं. तुझी नको, अजिबात नको. लेखकाला विचारल्याशिवाय एकही नाही, ही दुसरी अट म्हणून मी आत्ताच धरतेय. पण तुझ्याच बॅचमध्ये असे असतील ज्यांना परत करायचीय आणि कुठे करायची ते माहीत नाही, त्यांच्यासाठी मी बोलत राहीन, मत बदललेलं नाही माझं.

एकच विचारते. करू नकोस, पण संहिता जपून ठेवलीयस ना? दरवर्षी ५१ एकांकिका होतात, त्यातल्या कितींचे कागद वर्षभरानं कोणाकडे सापडतील?

थर्ड इयर बी

आहे. माझी टाइप केलेली लॅपटॉपवर होती, त्यात शेवटच्या दहा दिवसांतले बदल नाहीयेत. पण प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मुलीकडे वही आहे, त्यात सगळे बदल पेन्सिलनं लिहिलेत, लाइटचे क्यूसुद्धा. ती सोलापूरला गेलीये. आज रात्री फोन करून सगळ्या पानांचे फोटो मागवते.